हिरवळीआधी रस्ता

काश्मीरच्या खोऱ्यात शरद ऋतूला 'हरुद' म्हणतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून चिनाराची पाने पिवळी, मग नारिंगी आणि नोव्हेंबर उजाडता उजाडता गर्द तांबडी होऊ लागतात. आकाश निवळलेले असते, पीर पंजालच्या माथ्यावर पहिले हिम चमकू लागते आणि उन्हाळ्यातील पर्यटकांची झुंबड ओसरलेली असते. या महिना-दीड महिन्याच्या अवधीत गोल्फच्या काठ्यांची पिशवी मोटारीत टाकून श्रीनगर, गुलमर्ग आणि पहलगाम अशी रस्त्याने फेरी करावी, सकाळी खेळावे, दुपारी पर्वत न्याहाळत पुढचा मुक्काम गाठावा, ही कल्पना कोणाही प्रवाशाला मोहात पाडील अशीच आहे. अंतरेही सोयीची आहेत. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर, तर पहलगाम सुमारे पंच्याण्णव किलोमीटर. श्रीनगरचे मैदान झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या शेजारी आहे. गुलमर्गचे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसव्वीसशे मीटर उंचीवरच्या कुरणात, तर पहलगामचे लिद्दर नदीच्या खोऱ्यात. तीन मैदानांचे तीन स्वभाव आठवड्याभरात अनुभवता येतील, असा योग पर्वतप्रदेशात क्वचितच जुळून येतो. पर्यटन खात्यांना या योगाचे महत्त्व कळले आहे आणि 'गोल्फ पर्यटन' हा शब्द सरकारी पत्रकांत रुळला आहे.

या कल्पनेकडे दोन प्रकारांनी पाहिले जाते आणि दोन्ही प्रकार अपुरे आहेत. एक पक्ष म्हणतो की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ज्या प्रदेशाने तीन दशकांहून अधिक काळ रक्तपात सोसला, तेथे हिरवळीवर चेंडू टोलवण्याच्या गोष्टी करणे ही असभ्यता आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, असा एक प्रवासी शंभर सामान्य प्रवाशांइतका पैसा सोडून जातो. तेव्हा मैदाने वाढवा, हॉटेले वाढवा, बाकीचे आपोआप मार्गी लागेल. पहिल्या पक्षाला हे दिसत नाही की, गोल्फ हा मुख्यतः चालण्याचा खेळ आहे. अठरा होलची एक फेरी म्हणजे सात-आठ किलोमीटरची पायपीट. मोटारीच्या काचेतून छायाचित्रे घेत धावणाऱ्या प्रवाशापेक्षा हा पाहुणा अधिक काळ थांबतो आणि कॅडीपासून खानावळवाल्यापर्यंत अनेकांच्या हाती त्याचा पैसा पडतो. दुसऱ्या पक्षाला मात्र याहून मोठी गोष्ट दिसत नाही. हिरवळ कितीही सुबक राखली तरी तिच्यापर्यंत नेणारा रस्ता, तिला लागणारे पाणी आणि तिच्याखालची जमीन या तिन्ही गोष्टी आधी तेथे राहणाऱ्यांच्या आहेत. त्यांचा क्रम पहिला लागला पाहिजे. प्रश्न खेळाचा नाही, क्रमाचा आहे.

या खेळाचा इतिहासच हा क्रम उलटा लागल्याचा इतिहास आहे. इंग्रजांनी कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब स्थापन केले. ब्रिटिश बेटांबाहेर या खेळाने धरलेले हे पहिले मूळ. पुढे उन्हाळा सुसह्य करण्यासाठी राज्यकर्ते डोंगरावर गेले आणि गोल्फही त्यांच्यामागोमाग गेले. सिमल्याजवळच्या नालदेहऱ्याच्या देवदारांत लॉर्ड कर्झन इतका रमला की, आपल्या धाकट्या कन्येच्या नावात त्याने ते ठिकाण गुंफले. काश्मीर दरबारी रेसिडेंट असलेल्या फ्रान्सिस यंगहजबंड याने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या 'काश्मीर' या पुस्तकातील गुलमर्ग म्हणजे युरोपीय समाजाचे उन्हाळी क्रीडांगणच आहे. १९२२ साली गुलमर्गला गोल्फची पहिली स्पर्धाही झाली. ज्या कुरणात गुज्जर आणि बकरवाल पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारीत आले, त्याच कुरणात साहेबाने आपले झेंडे रोवले. कुरण मोठे असल्याने आणि मुक्काम तीन-चार महिन्यांचा असल्याने त्या वेळी हा संघर्ष फारसा उघडा पडला नाही.

स्वातंत्र्यानंतरही या खेळाचा दिमाख ओसरला नाही. डॉ. फारुख अब्दुल्ला मुख्यमंत्री असताना, दहशतवादाचा वणवा पेटलेला असतानाच, श्रीनगरला धाकट्या रॉबर्ट ट्रेंट जोन्स या जगप्रसिद्ध अमेरिकी रचनाकाराकडून अठरा होलचे मैदान आखून घेण्यात आले. लोक मरत असताना राज्यकर्ते हिरवळ पेरतात, अशी बोचरी टीका तेव्हा झाली. ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. पण खोऱ्यात पुन्हा पाहुणे येतील, या विश्वासाने केलेली ती गुंतवणूक होती, हेही मान्य करायला हवे. आज ते मैदान उभे आहे आणि सरकारी आहे. ते असावे की नसावे, हा वाद आता व्यर्थ आहे. ते कोणाचे म्हणून चालवावे, हा प्रश्न मात्र जिवंत आहे.

या प्रश्नाचे उत्तर गोल्फच्या जन्मभूमीनेच देऊन ठेवले आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव गोल्फची काशी समजले जाते. तेथील सर्वांत जुने मैदान कोणा श्रीमंत क्लबच्या मालकीचे नाही. ती सार्वजनिक जमीन आहे. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने नगरपालिकेने ती जमीन मिळवली आणि १९७४ च्या कायद्यान्वये तिचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे गेला. मोजके अपवाद सोडले तर दर रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह त्या हिरवळीवर मोकळेपणाने हिंडतात. जगातला सर्वांत प्रतिष्ठित गोल्फपटूही त्या दिवशी गावकऱ्याच्या मागे उभा असतो. महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर नाशिकचे पाहावे. तेथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक 'गोल्फ क्लब मैदान' याच नावाने ओळखतात. ज्या जागेला साहेबी खेळाचे नाव चिकटले, ती आता पहाटे फिरणाऱ्यांची आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची झाली आहे. नाव राहिले आणि मालक बदलला, यात गोल्फचेही काही बिघडले नाही. खुद्द गुलमर्गलाही ऋतू हा धडा देतात. हिमवर्षाव झाला की, तेच गोल्फचे उतार बर्फावर घसरण्याचे पहिले धडे गिरवणाऱ्यांचे होतात.

जमिनीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक निकडीचा, रस्त्याचा प्रश्न आहे. हरुदात मोटारीने निघालेल्या प्रवाशाला ज्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा चित्रासारखा वाटतो, तोच रस्ता त्या दिवसांत खोऱ्याच्या वर्षभराच्या अन्नाचा रस्ता असतो. श्रीनगरहून पहलगामकडे निघाले की, पांपोरच्या माळांवर ऑक्टोबरच्या अखेरीस केशराची जांभळी फुले उमलतात. एक ग्रॅम केशर मिळवण्यासाठी दीडशेच्या आसपास फुले वेचावी लागतात आणि ती सूर्य वर येण्याआधी वेचावी लागतात. पुढे संगमच्या परिसरात विलोच्या लाकडाच्या बॅटींचे कारखाने लागतात. गुलमर्गच्या वाटेवर कापलेल्या भातशेतीत गंजी उभ्या असतात. अक्रोड झोडपून झालेले असतात. उंच कुरणांवरून बकरवालांचे तांडे मेंढरे, घोडे आणि कच्चीबच्ची घेऊन जम्मूच्या उबदार टेकड्यांकडे उतरत असतात. त्यांनाही हाच रस्ता हवा असतो. आणि या सर्वांवर ताण करणारी सफरचंदे असतात. देशात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे वीस लाख टनांच्या घरातील माल, काश्मीर पिकवते. त्यातला फार मोठा भाग ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात ट्रकांमधून जम्मूकडे निघतो.

हा माल जातो तो एका नाजूक दोरावरून. जम्मू-श्रीनगर महामार्गावर चेनानी-नाशरी हा नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ साली आणि बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ साली खुला झाला, तेव्हा प्रवासाचे तास कमी झाले हे खरे. परंतु रामबन ते बनिहाल या टप्प्यात डोंगर ठिसूळ आहेत. रस्ता रुंद करण्यासाठी ते उभे कापले गेले की पावसात खाली येतात, हे भूशास्त्र जाणणारे वारंवार सांगत आले आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात या महामार्गावर सफरचंदांचे हजारो ट्रक अडकून पडले होते. २०२५ साली त्याहून वाईट घडले. ऑगस्टअखेरच्या आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उधमपूर जिल्ह्यात महामार्गाचा भाग खचला; हलकी वाहने सुरू झाल्यावरही अवजड वाहने कित्येक दिवस अडून राहिली आणि पेट्यांतील फळ रस्त्यावरच सडू लागले. सोपोरसह खोऱ्यातील फळबाजार व्यापाऱ्यांनी आणि बागायतदारांनी निषेधार्थ दोन दिवस बंद ठेवले. पीर की गलीवरून जाणारा मुघल रस्ता होता. पण तो अरुंद, चढाचा. त्याच महिन्यात बडगामहून दिल्लीला सफरचंदांची रोजची पार्सल गाडी सुरू झाली. खोऱ्याला देशाच्या रेल्वेशी जोडणारा मार्ग चिनाबवरील पुलासह जूनमध्येच पूर्णत्वाला गेला होता, म्हणून ते शक्य झाले. उपाय चांगलाच होता. परंतु वर्षाकाठी वीस लाख टनांचा व्यवहार दिवसाला एका पार्सल गाडीने सावरत नाही.

या प्रसंगाचे दुःख महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. द्राक्षाचा घड उतरवल्यावर गाडी दोन दिवस उशिरा आली, तर काय होते हे नाशिकच्या बागायतदाराला विचारावे; कांद्याची गाडी वाटेत अडली, तर हातात काय उरते हे लासलगावला विचारावे. झाडावर वर्षभर राबून वाढवलेले पीक घाटात सडते, तेव्हा ते नुकसान नैसर्गिक आपत्तीच्या रकान्यात टाकून मोकळे होता येत नाही. डोंगर कोसळणे ही आपत्ती असेल. पण डोंगर कोसळणार हे माहीत असूनही सफरचंदाच्या हंगामासाठी पर्यायी व्यवस्था उभी नसणे, हा कारभाराचा दोष आहे.

त्याच २०२५ सालाने खोऱ्याला दुसराही घाव दिला. २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी सव्वीस निरपराध माणसे मारली. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. डोंबिवली, पुणे, पनवेल येथील ज्या घरांत हे शव आले, त्या घरांना पर्यटनाचे अर्थशास्त्र सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यानंतर खोऱ्यातील सत्त्याऐंशीपैकी अठ्ठेचाळीस पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. जूनपासून ती टप्प्याटप्प्याने उघडू लागली. उन्हाळा असा बुडाला आणि हरुदाच्या तोंडावर रस्ता खचला. पाहुणाही गेला आणि फळही अडकले. या दोन आघातांतून एक गोष्ट लख्ख दिसते. पाहुण्याच्या पैशावर संपूर्ण संसार उभा करणारा प्रदेश एका दुपारच्या गोळीबाराने उघड्यावर येतो. मात्र ज्याची बाग आणि बागेचा रस्ता शाबूत आहे, त्याला निदान उभे राहायला जमीन असते. तेव्हा पर्यटनाच्या हितासाठीसुद्धा बागेचा रस्ता आधी राखला पाहिजे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. अठरा होलच्या मैदानाला साधारणतः शंभर ते दोनशे एकर जमीन लागते आणि तिची हिरवळ कोरड्या दिवसांत पाण्यावाचून टिकत नाही. काश्मीरला पाण्याचा काय तोटा, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती आता जुनी झाली. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे हिमाविना उघडी पडली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत नियोजित हिवाळी क्रीडास्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्याच महिन्यात अनंतनाग जिल्ह्यातील अचबलचा झरा, ज्याच्याभोवती मोगलांनी बाग वसवली तो, आटला. लिद्दरला पाणी पुरवणारी कोलाहोईची हिमनदी आक्रसत आहे. हिवाळ्यात हिम कमी पडले की उन्हाळ्यात भातशेतीचे पाट कोरडे राहतात. अशा वेळी कोणता पाट आधी भरायचा, शेताचा की हिरवळीचा, हा निर्णय कोणीतरी घेणारच. तो नियमाने घेतला गेला नाही, तर वजनदाराच्या बाजूने घेतला जाईल. शिवाय हिरवळीवर टाकलेली खते पावसाबरोबर उताराने खाली जातात, आणि श्रीनगरला तो उतार आधीच शेवाळ व सांडपाण्याने गुदमरलेल्या दल सरोवराकडे आहे.

या साऱ्याचा अर्थ गोल्फची मैदाने नांगरून टाकावीत असा कोणी काढू नये. ती राहावीत, त्यांवर खेळ व्हावा आणि हरुदातील फेरीला पाहुणे खुशाल यावेत. पण त्यासाठी काही साध्या गोष्टी जम्मू-काश्मीरच्या आणि केंद्राच्या प्रशासनाने ठरवून टाकाव्यात. पहिली, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात महामार्ग अडला, तर तो उघडताना नाशवंत मालाच्या गाड्यांना ठरलेला अग्रक्रम मिळावा. पर्यटकांच्या मोटारी त्यामागून जाव्यात. २०१९ साली पुलवामाच्या भीषण हल्ल्यानंतर सैनिकी ताफ्यांसाठी याच महामार्गावरची नागरी वाहतूक काही काळ आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवण्यात आली होती. सुरक्षेसाठी रस्त्याचे वेळापत्रक करता येते, तर बागायतदारासाठीही ते करता येईल. दुसरी, फळांच्या रेल्वेगाड्या हंगामाच्या आरंभापासून पुरेशा संख्येने धावाव्यात. रस्ता खचल्यावर धावाधाव करून नव्हे. तिसरी, नियंत्रित हवेची शीतगृहे पुलवामात लासीपोरासारख्या ठिकाणी उभी राहिली आहेत. ती पिकाच्या थोड्याच भागाला पुरतात. एका मैदानाच्या निगेसाठी जी तत्परता दिसते, ती या शीतगृहांसाठी दिसावी. चौथी, वनजमिनीवर, चराऊ कुरणांवर आणि कापलेल्या उतारांवर नवे मैदान होऊ नये. पाचवी, असलेल्या मैदानांच्या पाण्याचे आणि खतांचे मोजमाप व्हावे व ते जाहीर व्हावे. आणि सहावी, सरकारी मैदाने आठवड्यातून एक दिवस, सेंट अँड्र्यूजच्या धर्तीवर, गावातील माणसांना मोकळी असावीत. ज्या पोराने बाहेरून जाळीतूनच हिरवळ पाहिली, त्याला ती आपली वाटणार नाही; आणि जी आपली वाटत नाही, तिचे रक्षण कोणी करीत नाही.

राहिला प्रश्न पाहुण्याचा. काश्मीरला जाणाऱ्यांत मराठी माणसांची संख्या पूर्वीपासून मोठी आहे. पुण्या-मुंबईच्या प्रवासी मंडळींनी श्रीनगर-गुलमर्ग-पहलगाम हा क्रम मराठी घरांत इतका रुजवला की, लग्न ठरले की काश्मीर हे अनेक कुटुंबांचे गणित झाले. त्या मानाने गोल्फ खेळणारे थोडे. परंतु खेळणारा असो की केवळ पाहणारा, हरुदात निघालेल्या प्रवाशाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाटात समोरून सफरचंदांचा ट्रक आला, तर तो आपल्या सहलीतील अडथळा नाही. आपणच त्याच्या कामाच्या दिवसात शिरलेले पाहुणे आहोत. आणि मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत असेल, तर हॉर्न न वाजवता दहा मिनिटे थांबणे हाही त्या पर्वतदर्शनाचाच भाग आहे. खेळात ज्याचा चेंडू होलपासून दूर, त्याने आधी मारावा, असा गोल्फचा जुना शिष्टाचार आहे. ज्याचे घर, ज्याचे पीक आणि ज्याची बाजारपेठ सर्वांत दूर, त्याला आधी वाट द्यावी, एवढाच त्याचा अर्थ रस्त्यावर करायचा आहे.

चिनाराचे पान लाल होते ते पर्यटकासाठी नव्हे. हिवाळा दाराशी आला, घरात धान्य भरून घ्या, हे सांगण्यासाठी. खोऱ्यातील माणूस त्या पानाचा तोच अर्थ वाचतो. आपल्या राज्यकर्त्यांनीही तो वाचायला शिकले पाहिजे. मैदानाची हिरवळ दरवर्षी नव्याने पेरता येते. बागायतदाराचा एक हंगाम रस्त्यात सडला, तर तो परत येत नाही. पुढच्या हरुदाआधी रस्त्याचा हा क्रम ठरला, तर पाहुणेही सुखाने खेळतील आणि यजमानही त्यांच्याकडे हसून पाहील.